अकरा ते पाच, फक्त मोठ्यांसाठी!

टीव्हीवर 'तसलं' काही दाखवायचं तर मुलं झोपल्यावर, हा आपल्याकडचा साधासरळ फंडा. पण मुलं झोपतात कधी, लाईट येते कधी आणि रिमोट असतो कुणाच्या हातात? एका सरकारी टाइमटेबलकडे नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीतून बघितलं तर काय दिसतं?

रात्रीचे ११ वाजलेत. तुम्ही काय करताय?

हिंजवडीहून सेकंड शिफ्टची कॅब आत्ता बाणेरच्या सिग्नलला आली असेल. किंवा रूममेटने ठेवलेला मसालेभात मायक्रोवेव्हमध्ये ढकलून 'बस्स, एकच एपिसोड' म्हणत तुम्ही सोफ्यावर पसरला असाल. थोडक्यात काय, दिवस आत्ता कुठे तुमचा झालाय. आणि गंमत म्हणजे, टीव्हीच्या लेखीही तुम्ही बरोब्बर आत्ताच मोठे झालात! २०११ मध्ये मनोरंजन चॅनेल्सच्या संघटनेनं तक्रारी ऐकायला स्वतःचं एक मंडळ नेमलं. सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा त्याचे पहिले अध्यक्ष. चॅनेल्सनी तेव्हा स्वीकारलेल्या नियमावलीत कार्यक्रमांचे दोनच गट आहेत. एक सगळ्यांनी बघायचा. दुसरा 'मर्यादित', आपल्या भाषेत 'तसला', आणि त्याची वेळ रात्री ११ ते पहाटे ५.

ऐकायला एकदम पटतं. मुलं दहापर्यंत झोपली, त्यांच्या खोलीचं दार लोटलं, आईबाबा हॉलमध्ये, आवाज बारीक. कुणाचं काही बिघडत नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हाच फ्लॅट असणार. टू बीएचके, इन्व्हर्टरसहित.

माझा प्रॉब्लेम एवढाच, की मी बिलोलीची आहे.

जा, पाणी आण

नांदेडहून निघायचं, नायगाव आणि नरसी मागे टाकायचं, की आलं बिलोली. तालुक्याचं गाव. पलीकडे मांजरा, मांजरेपलीकडे तेलंगण. बोधन-निजामाबाद आम्हाला परकं वाटत नाही, आणि बाजारात मराठी, तेलुगू, दखनी एकाच वाक्यात ऐकायला मिळते. पुण्यात कुणी 'तुझं गाव कुठलं' विचारलं की मी 'नांदेडजवळ' सांगून मोकळी होते. त्यापुढचं कुणाला नको असतं.

आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत टीव्ही. त्याच खोलीत जेवण, त्याच खोलीत अभ्यास आणि रात्री त्याच खोलीत सहा जणांची अंथरुणं एका रांगेत. म्हणजे 'मुलं झोपल्यावर' याचा आमच्याकडचा अर्थ, मुलं टीव्हीच्या समोर डोळे मिटून पडल्यावर! शिवाय पहाटे पाचला नळ येणार, त्यामुळे मोठी माणसं साडेनऊलाच आडवी. अकरा वाजता गावात जागं असायचं ते कुत्रं, नाहीतर दहावीचं पोरगं.

मग 'तसल्या' सीनचं नियंत्रण व्हायचं कसं? त्याची वेगळी यंत्रणा होती. हिरो-हिरोइन पावसात भिजायला लागले, की पप्पांना तहान लागायची. "जा, पाणी आण." मी उठून आत जायचे, माठातलं पाणी घ्यायचे आणि परत येईपर्यंत गाणं संपून व्हिलनची एंट्री झालेली असायची. दहाव्या वर्षापर्यंत मला पूर्ण कोड पाठ झाला होता. पाणी आण म्हणजे नुसती मिठी. बाहेरचं दार लावलंय का बघ म्हणजे प्रकरण थोडं पुढे गेलंय. आणि थेट बातम्या लागल्या म्हणजे विषयच संपला. आजीचा काही कोड वगैरे नव्हता. ती सरळ म्हणायची, "बंद कर की ते, लेकरं बघायलेत!"

हसू नका. तुमच्याही घरी हेच होतं, फक्त पाणी फ्रिजमधलं होतं.

ही यंत्रणा बऱ्यापैकी काम करायची, हे कबूल केलं पाहिजे. अडचण तिच्या साइड इफेक्टची. पाणी आणता आणता आम्ही एक गोष्ट पक्की शिकलो, की हे जे काही आहे ते मोठी माणसं नसताना बघायचं असतं. आणि मोठी माणसं नसायची कधी? रात्री ११ वाजता तर ती शेजारीच घोरत असायची. ती नसायची दुपारी.

लाईट आली की प्राइम टाइम

इंग्लंडमध्ये या वेळेच्या रेषेला 'वॉटरशेड' म्हणतात. तिथे ती रात्री ९ ते पहाटे साडेपाच अशी आहे आणि १९६०च्या दशकापासून ब्रिटिश माणूस घड्याळ लावावं तसा तिच्यावर भरवसा ठेवतो. मास कॉमच्या लेक्चरला हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलेच. आमच्या भागात वॉटरशेड म्हणजे पाणलोटाची कामं, बांधबंदिस्ती, माती अडवा पाणी जिरवा. आणि नुसतं शेडिंग म्हटलं तर लोडशेडिंग!

त्या लोडशेडिंगशिवाय ही गोष्ट कळायचीच नाही. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. मुंबईला झळ नव्हती, पुण्यातही मार्ग निघाला होता, पण मराठवाड्याच्या गावागावांत बारा-बारा तास वीज नसायची. गळती किती, बिलाची वसुली किती, यावर भागांचे गट पाडलेले. ज्याची वसुली कमी, त्याचा अंधार जास्त. वेळापत्रक पेपरात छापून यायचं आणि आई ते कापून देवघराच्या शेजारी चिकटवायची. आठवडा बदलला की वेळ बदलायची. कधी संध्याकाळी साडेसहाला लाईट जायची ती रात्री जेवणं उरकल्यावर यायची, कधी भर दुपारी सलग चार तास मिळायचे.

म्हणजे आमचा प्राइम टाइम दिल्लीचं मंत्रालय ठरवत नव्हतं, मुंबईचं चॅनलही नाही. तो ठरवायचा फीडर. लाईट आली की सगळी गल्ली टीव्हीसमोर. मग घड्याळात किती का वाजेनात!

आता केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांमधलं एक कलम बघा. सहाव्या नियमात ते आहे. मुलांसाठी योग्य नसलेले कार्यक्रम, ज्या वेळी सर्वांत जास्त मुलं टीव्ही बघत असतात त्या वेळी दाखवू नयेत, असं ते सांगतं. तास-मिनिटं कुठेच नाहीत. मला हे कलम मनापासून आवडतं, कारण ते घड्याळाकडे नाही, मुलांकडे बघतं. पण बिलोलीतली सर्वांत जास्त मुलं कधी बघत होती, हे मोजलं कुणी? त्या काळात टीआरपीचे मीटर लाखाहून जास्त वस्तीच्या शहरांमध्येच लागायचे. खेड्यापाड्यातलं टीव्ही बघणं रेटिंगमध्ये धरायला सुरुवात झाली ती २०१५ मध्ये, 'बार्क' आल्यावर. तोपर्यंत आमची गल्ली टीव्ही बघतेय, हे टीव्हीलाच माहीत नव्हतं, बॉस.

याचा सर्वांत मजेदार नमुना म्हणजे नोव्हेंबर २०१०. सलमान खान पहिल्यांदाच 'बिग बॉस'चा होस्ट झाला होता आणि घरात पामेला अँडरसन येणार म्हणून देशभर गलका. मंत्रालयानं आदेश काढला, की रात्री ९ची वेळ सोडा, 'बिग बॉस' आणि 'राखी का इन्साफ' रात्री ११ नंतर दाखवा. राखी मुकाट अकराला गेली. 'बिग बॉस'वाले मुंबई हायकोर्टात गेले आणि तात्पुरता दिलासा घेऊन आले. दोन-तीन दिवस पेपरांत नऊ की अकरा याचाच काथ्याकूट. आणि आम्ही? मी तेव्हा आठवीत. रात्री नऊला आमच्याकडे बहुतेक वेळा कंदील असायचा. आम्ही सगळा सीझन दुसऱ्या दिवशीच्या रिपीट टेलिकास्टला बघितला, दप्तर टाकून, शेजारच्या चार पोरींना बोलावून. आई शेतात, पप्पा ऑफिसात. पाणी मागायला कुणीच नाही!

'ए' म्हणजे कधीच नाही

आता एक क्विझ. थिएटरमध्ये 'ए' सर्टिफिकेट मिळालेला सिनेमा टीव्हीवर रात्री किती वाजता दाखवता येतो?

अकरा? बारा? मीही मास कॉमला येईपर्यंत असंच काहीतरी धरून चालले होते. खरं उत्तर आहे, कधीच नाही. यामागे मुंबईतली एक लढाई आहे आणि ती लढणाऱ्या होत्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राध्यापिका प्रतिभा नैथानी. चॅनेल्स आणि केबलवर सर्रास दाखवल्या जाणाऱ्या अॅडल्ट सिनेमांविरुद्ध त्यांनी मुंबई हायकोर्टात जनहित याचिका केली. डिसेंबर २००५ मध्ये कोर्टानं असे सिनेमे दाखवण्यावर बंदी घातली. ऑगस्ट २००६ मध्ये पोलिसांनी अंमलबजावणी सुरू केली, केबलवाल्यांवर कारवाई झाली आणि घाबरून त्यांनी मुंबईतली सिनेमा चॅनेल्सच काही दिवस बंद ठेवली. ज्यात वावगं काही नाही तेही बंद. त्याच महिन्यात केंद्रानं नियमांत सुधारणा केली. सिनेमा, गाणं, ट्रेलर, काहीही असो, 'यू' किंवा 'यू/ए' असेल तरच टीव्हीवर.

म्हणून मग चॅनेल्स 'ए' सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे नेतात, कापतात आणि 'यू/ए' करून आणतात. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा बदलला तेव्हा टीव्हीसाठीच्या या वेगळ्या सर्टिफिकेटला कायद्यातच जागा मिळाली. पण कापून तरी सुटका होते का? 'द डर्टी पिक्चर' आठवा. विद्या बालनला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झालेला. पन्नासहून जास्त कट्स सोसून सिनेमा 'यू/ए' झालेला. २२ एप्रिल २०१२, रविवार, दुपारी १२ आणि रात्री ८ अशी वेळ ठरलेली, जाहिराती धडाधड सुरू. ऐन वेळी मंत्रालयानं सांगितलं, ११ नंतर दाखवा. चॅनलनं टेलिकास्टच रद्द केला.

आमच्या गल्लीचा तो काळा रविवार होता! नववीची परीक्षा संपलेली, दुपारी लाईट होती (ही बातमीच), आणि सिनेमा ज्या सिल्क स्मिताच्या आयुष्यावरून घेतलेला मानतात ती आंध्रची. तिचे सिनेमे आमच्या गल्लीतल्या तेलुगू बोलणाऱ्या काकवांनी थिएटरात बघितले होते. त्या तर मुलांना हाकलून स्वतः बघायच्या तयारीत होत्या. "मोठ्यांसाठीच हाय म्हणून तर बसलाव की," असं त्यातली एक म्हणाली ते अजून आठवतं. दोन पोरांची आई, दुपारी बारा वाजता घरात एकटी आणि सरकार तिला सांगतंय, रात्री अकराला ये. रात्री अकराला तिच्या खोलीत सासू, सासरे, नवरा, दोन पोरं आणि एक पाहुणा. तिची हक्काची अॅडल्ट वेळ दुपारचीच होती.

मुलांना जपायचं म्हणून लावलेल्या घड्याळात मोठ्या बायकांची वेळ कुणी धरलीच नाही, हा माझा मुख्य आक्षेप. पुरुष रात्री उशिरा पानटपरीवर, चौकात, मित्राच्या मोबाइलवर बघून घेतो. बाई अकरा वाजता झोपलेली असते, कारण पाचला नळ येतो.

प्रांतसाहेब आणि केबलवाले मामा

नियम मोडला तर तक्रार कुठे करायची, हे तुम्हाला माहितीय? मला मीडिया लॉच्या पुस्तकात सापडलं आणि मी चकितच झाले. १९९५च्या केबल कायद्यानं अधिकार दिलेत ते जिल्हाधिकाऱ्यांना, पोलिस आयुक्तांना आणि उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या प्रांतसाहेबांना. बिलोलीला उपविभागीय कार्यालय आहे. म्हणजे ज्या ऑफिसात आम्ही जातीच्या दाखल्यासाठी खेटे घालायचो, तिथल्याच साहेबांना केबल बंद करायचाही अधिकार! शिवाय २००८ मध्ये केंद्रानं जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमायला सांगितलं. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत पोलिस अधीक्षक, महिला कॉलेजच्या प्राचार्या, मुलांसाठी काम करणारी संस्था, मानसशास्त्र-समाजशास्त्रातलं कुणीतरी. कागदावर एकदम सही कमिटी. आमच्या गल्लीत मात्र 'टीव्हीवर घाण दाखवायलेत' म्हणून प्रांताकडे अर्ज नेणारा माणूस मी बघितला नाही. आधीच तिथे सातबाऱ्याची रांग.

आम्ही जायचो केबलवाले मामांकडे. मागच्या दिवाळीत मी त्यांना मुद्दाम भेटले. साठी ओलांडलीय. गच्चीवरच्या जुन्या डिश, म्हणजे 'छत्र्या', आता भंगारात गेल्यात.

"तुझा पप्पा रात्री साडेनऊला सायकल घेऊन गेटवर उभा," मामा सांगत होते. "मामा, ते चॅनल काढा, लेकरं मोठी व्हायलेत. मी म्हणलं, उद्या काढतो. म्हणला, उद्या नाही, आत्ता. वर गेलो, वायर काढली."

त्या काळी मामांच्या वरच्या खोलीत प्रत्येक चॅनलचा एक डबा असायचा. वायर काढली की अख्ख्या बिलोलीचं ते चॅनल गुल. पप्पांच्या त्या एका फेरीमुळे एका फॅशन चॅनलच्या नंबरावर दुसऱ्या दिवशी प्रवचन सुरू झालं. मग पंधरा दिवसांनी दुसऱ्या कुणाचा तरी दबाव आला आणि फॅशन परत. त्यानंतर प्रवचनवाल्या आजीबाई चिडल्या. हे असं चालायचं. दिल्लीत जानेवारी २००७ मध्ये 'एएक्सएन' दोन महिन्यांसाठी बंद करायचा आदेश निघाला, जगातल्या सेक्सी जाहिरातींचा कार्यक्रम दाखवला म्हणून. पाठोपाठ एप्रिलमध्ये 'एफटीव्ही'चा नंबर लागला. आमच्याकडे मंत्रालय आणि हायकोर्ट दोन्ही मामाच होते.

मी या व्यवस्थेचं कौतुक करतेय असं वाटेल, पण नाही. मामांच्या स्वतःच्या लोकल चॅनलवर रात्री सीडीवरून काय काय लागायचं, ते गावाला माहीत होतं आणि त्याची तक्रार कुणी करत नव्हतं, कारण ते बघणारे पुरुष आणि तक्रार करणारे पुरुष एकच होते. पण एक गोष्ट खरी. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याचा दरवाजा ठोठावता यायचा. मांजरेपलीकडच्या तेलुगू चॅनलवर रात्री उशिरा लागणारी गाणी कुणाला खटकली, तर मामा तेही काढायचे. राज्य कुठलं, भाषा कुठली, काही संबंध नाही.

आता मामांचा मुलगा फायबरचं कनेक्शन विकतो. "आता कुणी म्हणतच नाही, मामा हे काढा," मामा म्हणाले. "सगळं मोबाइलमदी हाय. मी काय काढू?"

दहानंतरची जाहिरात

आता त्या विषयाकडे येते, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला.

११ डिसेंबर २०१७. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं चॅनेल्सना कळवलं, की कंडोमच्या जाहिराती रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत दाखवा. कारण तेच, मुलं बघतात. राजस्थान हायकोर्टानं नोटीस काढल्यावर दहा दिवसांत मंत्रालयानं खुलासा केला, की ज्या जाहिराती उत्तान आहेत त्यांच्यापुरतंच हे. साधी माहिती देणाऱ्या जाहिरातींना हरकत नाही. फरक अगदी योग्य आहे. त्या वेळच्या काही जाहिराती बघताना कंडोम विकतायत की बेडशीट, असाच प्रश्न पडायचा. पण एकदा 'दहानंतर' हा शिक्का बसला की चॅनेलचा माणूस बारीक अक्षरं वाचत बसत नाही.

याच्या दहा वर्षं आधी, २००७ मध्ये, महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू होत होता. विधिमंडळात त्यावरून गदारोळ झाला आणि सरकारनं तो थांबवला. आमची पिढी त्या गॅपमधून पास झाली. जीवशास्त्राच्या पुस्तकात फुलाचे पुंकेसर-स्त्रीकेसर होते. माणसांचा धडा आला तेव्हा बाई म्हणाल्या, घरी वाचा. घरी वाचायला घेतला तर पप्पांना तहान लागायची.

माझ्या वर्गातली एक मैत्रीण. नाव नको. 'डर्टी पिक्चर'च्या त्या रविवारी आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. दहावीची परीक्षा झाली आणि मे महिन्यात तिचं लग्न झालं. सोळा वर्षांची होती. असं लग्न कायद्यानं तेव्हाही गुन्हा होता, आजही आहे. मराठवाड्यात मुलीच्या लग्नाचं गणित कसं ठरतं, ऊसतोडीला जाणारं घर असेल तर तिला मागे कुणाजवळ ठेवायचं, हुंडा वयाबरोबर कसा वाढतो, हे इथं लिहीत बसले तर पानं पुरायची नाहीत.

पण टीव्हीच्या हिशेबात बघा. एप्रिलमध्ये ती 'मूल' होती. तिच्यासमोर चुंबन दाखवायचं नाही, कंडोमची जाहिरात लागली तर चॅनल बदलायचं, तिला पाणी आणायला पाठवायचं. मेमध्ये तिच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं गेलं. त्यामधल्या काळात कुणीही, कुठल्याही वेळी, तिला काहीही सांगितलं नाही. दुपारी नाही आणि रात्री अकरा वाजताही नाही.

मला कुणी विचारलं, मुलांसमोर काहीही दाखवावं का, तर मी नाहीच म्हणेन. बलात्काराचे सीन चवीनं रंगवणाऱ्या मालिका मला आजही किळसवाण्या वाटतात, आणि त्या साडेदहाला लागतात की साडेसातला याला महत्त्व आहे. मराठीत तर साडेदहाचा स्लॉट हा एक वेगळा प्रकारच तयार झालाय. 'रात्रीस खेळ चाले' काय, 'देवमाणूस' काय, भीती आणि वासना यांची मराठी वेळ साडेदहा! अकराच्या रेषेला अर्धा तास शिल्लक ठेवून. माझं म्हणणं इतकंच, की दाखवणं आणि सांगणं या दोन गोष्टींना आपण एकच घड्याळ लावलं. उत्तान बेडरूम सीन अकरानंतर गेला ते ठीक. त्याच गाडीत बसवून माहितीही पाठवून दिली.

आणि आता घड्याळही राहिलं नाही. २०२१च्या नियमांनी ओटीटीला वयाचे शिक्के दिले, ७, १३, १६ आणि 'ए'. वर पालकांसाठी कुलूप. जुलै २०२५ मध्ये सरकारनं 'उल्लू', 'ऑल्ट'सकट २५ अॅप्स बंद केली. बरंच झालं. पण बिलोलीत घरात एक स्मार्टफोन असतो, तो दिवसा पोरांकडे आणि रात्री नवऱ्याकडे. अकाउंट एक, प्रोफाइल एक, पासवर्ड सगळ्यांना पाठ. त्या कुलपाची चावी कुलपालाच लटकलेली. (तुम्ही हसायच्या आधी सांगा, तुमच्या सेट टॉप बॉक्सचा पेरेंटल पिन बदलला होता का? चार शून्यंच ना?)

ती मैत्रीण मला दिवाळीतच भेटली. तिची मुलगी आता अकरा वर्षांची आहे. आमच्यासोबत ओट्यावर बसून ती फोनवर मेंदीच्या डिझाइनचे व्हिडिओ बघत होती. दुपारचे चार वाजले होते. व्हिडिओच्या आधी एक जाहिरात लागली, स्ट्रॉबेरीवाली. मी सवयीनं फोनकडे हात नेला. मैत्रिणीनं माझा हात धरला.

"राहू दे गं. परवा विचारली मला, मम्मी, हे च्युइंगम हाय का?"

"मग?"

"सांगितले की. जेवढं येतंय तेवढं सांगितले, राहिलेलं नर्सबाईला विचारून सांगते म्हणले. मला कुणी सांगितलंतं का? हीच सतराव्या वर्षी मांडीवर आली."

मुलीनं मान वर केली नाही. स्किपचं बटण यायला अजून तीन सेकंद होते.